समुद्रात पोहायला कुठला महिना बरा? (बेळगावहून, पोरं बरोबर)

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. दोन्ही पोरं गोवावेसच्या पूलमध्ये बऱ्यापैकी पोहायला लागल्यात आणि आता समुद्र समुद्र करून डोकं खाल्लंय. शाळेला सुट्टी दसऱ्याची नाहीतर एप्रिल-मेची, डिसेंबरात दोन-तीन दिवस काढता येतील पण बायको म्हणते तेव्हा इथं स्वेटर घालून बसतो, पाण्यात पोरं गारठवणार काय. चोर्ला घाटानं गोव्याला जाऊ की कारवार?

खानापूरचा गडी:
वहिनींना सांगा, बेळगावची थंडी घाटावरच राहते. डिसेंबर-जानेवारीत तिकडं समुद्राचं पाणी 27-28 डिग्री असतंय, मेमध्ये 30 च्या आसपास, म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम तीनेक डिग्रीचा. काकडायला होतं ते बाहेर आल्यावर, सकाळी जमिनीवरनं वारा सुटलेला असतो ना. टॉवेल जास्तीचे न्या, झालं.

निपाणीकर:
मेच बेस्ट. पाणी कोमट, पोरं बाहेर यायला तयार होत नाहीत.

कारवारची सून (माहेर शहापूर):
@निपाणीकर मेचं कोमट पाणी खरं, पण दुपारनंतर वारं चढतं आणि लाटा मोठ्या होतात, म्हणून सकाळी 7 ते 10 बास. महिनाअखेरीला तर नकोच, पाऊस यायच्या आधीच दर्या फुगायला लागतो. जून ते सप्टेंबर पायसुद्धा भिजवू नका, आणि गंमत म्हणजे पाणी तेव्हाही गार नसतंय, ऑगस्टात खालचं पाणी वर येऊन तापमान उतरतं ते जवळपास जानेवारीइतकं. बुडतात ते थंडीनं नव्हे, माणसाला आत समुद्राकडं खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीनं. लाटा फुटताना दोन्हीकडं पांढरा फेस आणि मधेच एक पट्टा गुळगुळीत, जरा गढूळ दिसतो, घाटावरनं आलेल्या लोकांना वाटतं हितं लाट नाही, पोरांना हितंच सोडूया. तीच ओढ! सापडलाच तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही, आडवं पोहत पट्ट्याबाहेर यायचं, मग किनाऱ्याकडं. गोव्यात लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात त्यांच्या मधेच पोहा, नुसता लाल असेल तर गप भेळ खावा.

टिळकवाडीकर:
ओके, मग दसरा चालतोय काय?

खानापूरचा गडी:
दसरा कधी येतोय त्यावर. अधिक महिन्याच्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यानंतर येतो, तेव्हा चालतंय, लवकर आला तर समुद्र अजून पावसाळ्याच्या नशेत असतो. आणि मांडवीच्या तोंडाजवळ पाणी तांबूस दिसलं तर नावं ठेवू नका, आपल्याच खानापूरची म्हादई (गोव्यात तीच मांडवी) माती घेऊन खाली गेलेली असते.

कारवारची सून:
दसऱ्याचा एक फायदा, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी जास्त चढ-उतार करत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण. दिवाळीत म्हणूनच आम्ही पोरांना सोडत नाही.

निपाणीकर:
मग माझं मत डिसेंबर. समुद्र सपाट, पाणी स्वच्छ, फक्त नाताळचा आठवडा सोडून, रूमचे रेट बघून घाम फुटतो.

टिळकवाडीकर:
डिसेंबरचा पहिला पंधरवडा ठरवतो. दक्षिण गोव्यातलं पाळोळे (पालोलेम बीच) बरं काय लहान पोरांना?

कारवारची सून:
बरं आहे, अर्धगोल खाडीसारखं, लाट मवाळ. पण कमरेपर्यंतच हं, आणि एकजण किनाऱ्यावर मोबाईल खिशात ठेवून.