डिस्चार्ज बुकात आईचं माहेरचं नाव, दुरुस्ती कुठे होते?

प्रश्न: वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक) आणि पीपीओत (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शनचा आदेश) आईचं माहेरचं नाव आहे, आधार-पॅनवर सासरचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दुरुस्त करून मिळेल का?

बेळगावकर: पुस्तकाला कुणालाही पेन लावू देऊ नका. खाडाखोड दिसली की पुढे प्रत्येक टेबलावर शंका. मूळ नोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे असते, तुमच्यासाठी बेळगाव. अर्ज वडिलांच्याच सहीचा हवा. त्यात आर्मी नंबर, रँक, पीपीओ क्रमांक. सोबत डिस्चार्ज बुक व पीपीओच्या प्रती, दोघांचे आधार-पॅन, जोडीचा फोटो आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्रातलं जुनं नाव पीपीओतल्यासारखं अक्षरशः तसंच लिहा. वेलांटी किंवा एक स्पेलिंग बदललं तरी अर्ज परत येतो. सैनिक कल्याण कार्यालय हे सगळं तपासून पुढे पाठवतं.

माजी_क्लार्क: रेकॉर्ड ऑफिसने पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा लेखी आदेश) काढली म्हणून थांबू नका. प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन या संरक्षण पेन्शनच्या लेखा कार्यालयाकडून दुरुस्त पीपीओ निघायला हवा. मग ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर नाव बदललं का, ते पाहा. वडील हयात असतानाच उरका, नाहीतर कौटुंबिक पेन्शन नेमकी याच नावावर अडते.

प्रश्नकर्ता: उत्तरच आलं नाही तर?

माजी_क्लार्क: स्पीड पोस्टाची पावती जपा. लेखी तक्रारीवर 6 महिने निर्णय नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. पुढच्या 6 महिन्यांत मात्र जा.