घाट उतरतानाचे अनुभव: दुचाकीवाल्यांनो, लिहा

दुसरा_गिअर:

घाट चढण्यावर सगळे भरभरून लिहितात. ढग अंगावर आले, धबधबा लागला, वर पोचून कांदाभजी हाणली. उतरण्याबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. माझी पाचावर धारण बसली आहे ती दर वेळी उतरतानाच, म्हणून हा धागा. घाट कुठलाही चालेल, दुचाकी कुठलीही चालेल, मागे बसणाऱ्यांनीही लिहा. फक्त वेगाचे आकडे नकोत.

माझ्यापासून सुरुवात. भोरहून महाडला, वरंधा घाटाने. गणपती नुकतेच गेले होते. नीरा देवघरचं पाणी काठोकाठ आणि रस्ता त्याच्याच कडेने वळत जाणारा, त्यामुळे अर्धा वेळ माझं लक्ष रस्त्यावर नव्हतंच. वाघजाईच्या देवळापाशी चहा-भजी झाली. एका माकडाने माझा डावा हातमोजा पळवला आणि वास घेऊन दरीत टाकला. इथवर मजाच होती.

मग उतार लागला. पाऊस नव्हता, पण कड्यातून पाणी पाझरत होतं आणि सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरलं होतं. डोळ्यांना ते नुसतं ओलं दिसतं. उजव्या वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला, पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खालून निघून गेली. मी पडले ती कड्याकडच्या गटारात. दरी दुसऱ्या बाजूला होती, यात माझं काही कर्तृत्व नाही.

मागून दुधाच्या किटल्या लावलेले एक काका आले. त्यांनी गाडी उभी केली, वाकलेलं ब्रेकचं पेडल दगडाने ठोकून सरळ केलं आणि म्हणाले, "ताई, ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाय. आन् ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा." एवढं बोलून गेले. मला त्यांचं नावही विचारता आलं नाही. माझं इथलं नाव तेव्हापासूनचं.

उतारवय:

दुसरा गिअर सगळ्यांना लागू नाही हो. आमचं प्रकरण उलटं होतं. १९७९ सालची येझदी, टू-स्ट्रोक. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून टाकीत घालायचं, म्हणजे इंजिनाला ऑइल मिळणार ते पेट्रोलबरोबरच. आता उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ पूर्ण सोडली की पेट्रोल बंद आणि ऑइलही बंद. इंजिन मात्र चाकाच्या जोरावर गरगरा फिरतंय, कोरडंच.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नाशिकहून कल्याणला निघालो होतो. टाकीवर चार वर्षांचा मुलगा, मागे सौ., तिच्या मांडीवर द्राक्षांची करंडी. कसारा घाटात निम्म्यावर पिस्टन धरला. मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि टायर असा किंचाळला की मुलाने दोन्ही हात कानावर ठेवले. माझा क्लच दाबला गेला तो निव्वळ नशिबाने. अर्धा तास दगडावर बसून द्राक्षं खाल्ली, इंजिन गार होऊ दिलं. मग किक मारली तर सुरू! पुढे एका मेकॅनिकने सांगितलं, "उतारावर अधूनमधून मूठ पिळायची. इंजिनाला घोटभर पाजत राहायचं."

तेव्हापासून घाट उतरताना मी मध्येच रेस करायचो. हिला कारण सांगायचं राहून गेलं. वीसेक वर्षांनी, गाडी विकून झाल्यावर, एका लग्नात ती कोणाला तरी सांगत होती, "यांना ना, घाटात भलताच चेव यायचा."

तांबडा_पांढरा:

काका, एक नंबर!

आमचा फोंडा घाट. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर आणि मग खाली फोंडा. दाजीपूर म्हणजे गव्यांचं राज्य. आम्ही दोघं भाऊ एका गाडीवर, दिवस मावळतीला टेकलेला. वळण घेतलं आणि समोर रस्त्याच्या मधोमध गवा उभा. ट्रॅक्टर आडवा लावल्यागत. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा तो रंग असतोय बघा, आधी तेवढंच दिसलं.

भाऊ म्हणाला, हॉर्न मार. मी म्हटलं, तूच उतर आणि मार. इंजिन बंद केलं आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवली, नाहीतर उतारावर गाडीच त्याच्याकडं चालत गेली असती. ही गोष्ट नव्या पोरांना माहीत नसतीया. न्यूट्रलमध्ये स्टँडवर लावतात आणि चहा प्यायला जातात. मागून एसटी आली. ड्रायव्हरनं काही न विचारता लाईट बारीक केली आणि तंबाखू मळायला घेतली. वीस मिनिटं गेली. मग साहेबांची मर्जी झाली, खाली जंगलात उतरले. त्यांच्या मागनं अजून चौघं.

गिअर_नसलेली:

माझी साधी बिनगिअरची स्कूटर. पाचगणीहून वाईला, पसरणी घाट. मागे सासूबाई, पायापाशी स्ट्रॉबेरीचे दोन खोके. स्कूटरला गिअर नाही, म्हणजे 'इंजिनाने गाडी धरणे' हा प्रकार जवळजवळ नाहीच. हळू चालवलं की तर ती मोकळीच सुटते आणि सगळा भार ब्रेकवर. मी आपली घाबरून सतत ब्रेक धरून. निम्मा घाट उतरल्यावर जळका वास आला. सासूबाई म्हणाल्या, "कोणाचं तरी दूध करपलंय गं."

आमचाच ब्रेक होता. मागचा दाबला तर पोकळ, आत काही नाहीच असा. पुढचा थोडा लागत होता. कड्याच्या बाजूच्या खडीवर गाडी घातली आणि दोन्ही पाय घासत थांबवली. चपलांचे तळवे गेले. वाईच्या मेकॅनिकने हात लावून पाहिलं, म्हणाला, "काही झालेलं नाही, तापलाय. ड्रम तापला की लायनर धरत नाही. धरा-सोडा, धरा-सोडा करत यायचं आणि मध्ये थांबायचं." गार झाल्यावर खरंच पूर्ववत लागायला लागला, त्याचीच जास्त भीती वाटली. सासूबाईंनी ढोल्या गणपतीला एक खोका तिथेच ठेवला. दुसरा आम्ही कृष्णेच्या घाटावर बसून संपवला.

खालचा_माणूस:

सगळ्यांचं वाचलं. आता आमचंही ऐका. मी आंबोलीचा. कामाला सावंतवाडीत. रोज सकाळी उतरतो, रात्री चढतो, ह्येका बावीस वर्षां झाली. माझ्यासाठी हो घाट म्हणजे ऑफिसचा रस्ता.

पावसाळ्यातल्या रविवारी मी उतरत नाही, सुट्टीच असते म्हणून बरं. तुमच्यातले पाचपन्नास जण फटाक्यांचे सायलेन्सर लावून येतात. धबधब्यासमोर वळणातच गाड्या उभ्या करतात आणि बाटल्या फोडून जातात. सोमवारी त्याच काचेवरून आमचो टायर जाता. आणि पहिल्या पावसाच्या रात्री रस्त्यावर बेडूक-खेकडे उतरतात, शेकड्यांनी. जगात फक्त इथेच सापडणारा भेक त्यात असतो. लांबलांबून अभ्यासक तो बघायला येतात आणि सकाळी तो डांबरावर चपटा झालेला असतो. त्या रात्री तरी सावकाश या.

चांगलं एकच सांगतो. धुक्यात दरीकडची पांढरी पट्टी बघून कधी उतरू नका. पट्टी मध्येच संपते. कड्याकडची बघा.

दुसरा_गिअर:

सायलेन्सरबद्दल शंभर टक्के सहमत. कृपया यावर इथे वाद नको, वेगळा धागा काढा.

बेळगावी_कुंदा:

पट्टीपेक्षा आम्ही चोर्ल्यात लाल दिवा धरतो. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत गोव्यात उतरायचं. कणकुंबीला धुकं असं की स्वतःचं पुढचं चाक दिसत नाही बघा. ट्रकच्या मागचा दिवा धरला आणि त्याच्या मागोमाग वीस मिनिटं गेलो. तो वळला की मी वळलो, तो थांबला की मी थांबलो. ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, "काय पाहिजे?" त्याच्या घराच्या अंगणात उभा होतो की ओ मी.

मागची_सीट:

अकरा वर्षं मागे बसते, तेव्हा मलाही बोलायचा हक्क आहे. उतरताना पुढच्याने ब्रेक लावला की मागचा माणूस सगळा पुढे सरकतो. हेल्मेटवर हेल्मेट टक्क. दर वळणाला टक्क. मग भांडण. उपाय: गुडघे आवळून बसायचं आणि एक हात पुढे टाकीवर टेकवायचा, म्हणजे आपला भार त्याच्या मनगटांवर जात नाही.

एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे आम्ही नेहमी जुन्या रस्त्याने खंडाळ्याहून खोपोलीत उतरतो. तिथे शिंग्रोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना बोरघाटाची वाट ज्या धनगराने दाखवली अशी कथा सांगतात, तो हा. लोक चालत्या गाडीतून नाणं टाकतात. नाणं टाकायचं काम माझं. नेम अजून एकदाही लागलेला नाही.

लातूर_ते_लेह:

माझा अनुभव जरा लांब आहे. आम्ही चौघं. गाड्या रेल्वेने चंदीगडपर्यंत, टाक्या रिकाम्या करून पार्सल. जाताना श्रीनगरमार्गे गेलो, येताना लेहहून मनाली.

पहिल्या दिवशी तांगलांग ला ही खिंड ('ला' म्हणजे खिंड) ओलांडून पांगला तंबूत मुक्काम केला. ही चूक. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर, पांग साडेचार हजारांच्याही वर, आणि आम्ही तिथे झोपलो. सकाळी आमच्यातल्या एकाला बुटाची नाडी बांधता येईना. डोकं रात्रभर दुखत होतं, दोन उलट्या झाल्या होत्या, पण "काही नाही, मॅगी बाधली" असं म्हणत पठ्ठ्या गप्प. बोलताना जीभ जड झाली तेव्हा आमची तंतरली. लष्कराच्या छावणीत नेलं. त्यांनी ऑक्सिजन लावला आणि सांगितलं, गोळ्या देतो, पण औषध एकच, खाली उतरा. आजच.

आता गंमत अशी की पांगहून मनालीकडे उतरायचं तर आधी चढायचं. लाचुंग ला आहे पाच हजार मीटरवर, मग नकी ला, आणि नंतर कुठे गाटा लूप्स. त्याची गाडी एका ट्रकवर चढवली, त्याला माझ्या मागे बसवून ओढणीने माझ्या कमरेला बांधला. त्या दोन खिंडी चढताना मागून तो काही बोलतोय ना, एवढंच मी ऐकत होतो. गप्प झाला की कोपर मारायचो. मग तो शिवी द्यायचा आणि मला बरं वाटायचं.

गाटा लूप्सला एकवीस वळणं. तिथे एका ट्रकच्या क्लीनरचं भूत आहे म्हणतात, तहानेने मेलेला. लोक पाण्याच्या बाटल्या ठेवतात, डोंगराएवढा ढीग झालाय. आम्हाला एक मिनिट घालवायचं नव्हतं, आणि हा मागून ओरडला, थांब, बाटली ठेवायची आहे. मी चिडलो. पण तो हट्टाला पेटला. शेवटी थांबलो. त्याने स्वतःची अर्धी बाटली ठेवली आणि त्या दिवसात पहिल्यांदा नीट वाक्य बोलला, "पूर्ण भरलेली नाही, चालेल ना?"

सरचूला थोडा सुधारला, पण पुढे बारालाचा ला पुन्हा आडवा. तिथून उतरेपर्यंत दुपार कलली होती, आणि दुपारी बर्फ वितळून ओढे फुगतात. सकाळी घोट्याएवढं असणारं पाणी झिंगझिंगबारजवळ गुडघ्याला लागलं. आत गोटे. दोघांनी दोन बाजूंनी गाडी धरली, हा मागे बसूनच. जिस्पाला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. त्याने राजमा-चावल मागितला, आणि मी बाहेर जाऊन थोडा रडलो. हे त्याला अजून माहीत नाही. तो इथे वाचतो, आता कळेल.

म्युनिकचा_मावळा:

वरच्या अनुभवानंतर माझा अगदीच पिकनिक वाटेल. इटलीतला स्टेल्व्हियो, उंची २७५७ मीटर. १८२५ साली ऑस्ट्रियाच्या साम्राज्याने पुरा केलेला रस्ता, फक्त उन्हाळ्यात उघडा. प्रातोकडच्या बाजूला ४८ चिमटे आणि प्रत्येकाला नंबरची पाटी. वरून उतरताना एकपासून मोजत यायचं. कितीही भीती वाटली तरी अजून किती उरली हे तरी कळतं. वरंध्यात ती सोय नाही.

वर सॉसेजच्या गाड्या. माझ्यासारख्या शाकाहाऱ्याला पाव आणि आंबवलेला कोबी. उतरायला लागलो तर अकराव्या वळणाआधी एक साठीची बाई सायकलवरून मला मागे टाकून गेली. वळणाच्या आत वाकून, ब्रेक न लावता. मी भाड्याच्या ८०० सीसीवर दुसऱ्या गिअरमध्ये. मग अभिमान गिळला आणि तसाच उतरलो.

परतताना स्वित्झर्लंडच्या बाजूला पोस्टाची पिवळी बस समोरून आली. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा हॉर्न वाजवते, अगदी गाण्यासारखा, आणि सगळे मुकाट्याने कडेला होतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आपल्याकडेही आहे. एसटीचा ड्रायव्हर तो वेगळ्या सुरात सांगतो इतकंच.

नवीन_आलोय:

सगळं वाचून आणखी घाबरलो. १२५ सीसी आहे, येत्या शनिवारी भोर ते महाड जायचा बेत आहे. वरंधा सुरू आहे का? पावसात बंद करतात असं ऐकलं.

दुसरा_गिअर:

दरडी पडल्या की बंद करतात, आणि नकाशावर तो तरीही उघडाच दिसतो. भोरच्या स्टँडवर विचारा, सकाळची महाडची एसटी गेली का. गेली असेल तर आधी चहा घ्या आणि मग निघा. वाघजाईपाशी माकडांना काही देऊ नका. डावा हातमोजा दिसला तर माझा आहे, काळा, अंगठ्याला शिवण.