मदत हवी आहे: कॅन्सर पेशंटची मालीश करताना काय काय पाळायचं?

नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातली. बाळंतीण अन् बाळाची मालीश आमच्या घरी सासूपासून चालत आली, आता मीच करते. वर्ध्याला मसाजचा छोटा कोर्सपण केला पण त्यात कॅन्सरचं नावसुद्धा नव्हतं.

तर झालं असं की गावातल्या एका काकूंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, उजव्या काखेतल्या गाठीपण काढल्या, आता नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात केमो सुरू आहे. त्यांनी बोलावून घेतलं, म्हणे पोरी पाय अन् पाठ जराशी दाबून दे, रात्र रात्र डोळा लागत नाही. मुलगा म्हणतो करू दे, जाऊबाई म्हणतात चोळलं की रोग अंगभर पसरतो, हात लावू नको. मी आतापर्यंत नुसतं तळपायाला तेल लावलं, तेवढ्यानंच त्यांना डुलकी लागली. घरात माणसं भरपूर, पण त्यांना शिवायला सगळे भितात, ताटसुद्धा लांबूनच सरकवतात. हा काय शिवाशिवीचा रोग आहे का, पण सांगून सांगून थकली मी.

आता अजून दोघांकडून विचारणा आली. एक दादा, तंबाखूच्या खर्ऱ्यापायी तोंडाचा कॅन्सर, मानेला रेडिएशन सुरू आहे. दुसरे एक आजोबा, प्रोस्टेटचा, त्यांची कंबर फार दुखते. माझे हात बाळंतिणीचे, म्हणजे चांगले जोराचे. दाब किती द्यायचा, तेल कोणतं, कुठे हात लावायचाच नाही, अन् खरंच पसरतो का? कोणी फिजिओ, नर्स, डॉक्टर असाल तर सांगा, आणि कृपा करून "करूच नका" एवढंच लिहून पळू नका.

फिजिओ अमरावती: ताई, आधी जाऊबाईंचं. हलक्या मालीशनं कॅन्सर पसरतो याला काही पुरावा नाही. पण कॅन्सरची गाठ असलेल्या जागी दाब द्यायचाच नाही, तिथे हात नेऊच नका. काकूंचा उजवा हात, त्याच बाजूची छाती आणि वरची पाठ इथे जोर लावायचा नाही. काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या की त्या हातातलं लिम्फचं, म्हणजे अंगात साचणारं पाणी नीट उतरत नाही, सूज येऊ शकते, आणि ती नंतर वर्षांनी पण येते. हात जड वाटला, बांगडी घट्ट व्हायला लागली तर चोळून उतरवायला जाऊ नका, त्याची मालीश वेगळी असते, शिकलेल्या फिजिओकडेच पाठवा. बाकी अंगाला तेल नुसतं पसरवायचं, खालचं मांस हललं नाही पाहिजे एवढाच दाब.

आजोबांच्या कंबरेला सध्या हात लावू नका!! प्रोस्टेट, स्तन, फुफ्फुस, हे कॅन्सर हाडात जातात, तसं हाड दाबानं मोडू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवू द्या. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, मणक्यातली नस दाबली जात असू शकते. तोवर हातापायाचे पंजे, डोकं, एवढंच करा.

पुसदकर: माझ्या मायले केमोत पायाले मुंग्या यायच्या, काही समजेच ना. आमच्या आत्यानं प्रेमानं विटेचा शेक देला अन् फोड आला, मायले पत्ताच नाही. तेल गरम करून लावत असाल तं आधी आपल्या मनगटावर पाहा बाप्पा.

सिस्टर नागपूर: पुसदकर दादा बरोबर बोलले, पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधांनी हातपाय बधिर होतात, पेशंट "अजून जोरात" म्हणाला तरी ऐकायचं नाही. दर वेळी जायच्या आधी शेवटचा ब्लड रिपोर्ट मागा. प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) 50 हजाराच्या खाली असतील तर दाब बंद, नुसता हात फिरवायचा, आणि फारच कमी असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नाही. केमोनंतर 7 ते 14 दिवसांत रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली येतात, तेव्हा तुम्हाला साधी सर्दी असली तरी जाऊ नका. पेशंटला ताप असेल तर मालीश नाही, हॉस्पिटल. केमोच्या पहिल्या 48 तासांत उलटी-लघवी आवरायची वेळ आली तर ग्लोव्हज घाला. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर अजिबात चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुफ्फुसात जाते. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पोटरी दुखते म्हटलं की आपल्याकडे पहिले तेलाची वाटीच येते.

रेडिएशनच्या दादांच्या मानेला, जबड्याला काहीच लावू नका, तेलपण नाही, रेडिएशनसाठी कातडीवर मारलेल्या खुणा पुसू नका. तेल साधं तिळाचं किंवा खोबऱ्याचं, कापूर-निलगिरी नको, केमोत वासानंच मळमळतं.

फिजिओ अमरावती: आणि फायदा होतो का म्हणाल तर होतो. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलमध्ये 1,290 पेशंटचा अभ्यास 2004 ला छापून आला, मालीशनंतर दुखणं, थकवा, घाबरेपणा साधारण निम्म्यानं कमी झालेला दिसला. तुलनेला मालीश न केलेला गट नव्हता, म्हणून डोळे झाकून धरू नका. आणि हा आराम आहे, इलाज नाही. कोणी मालीशच्या भरवशावर केमो सोडायचं म्हटलं तर तुम्हीच रागवा.

आर्वीवाली (धागाकर्ती): खूप खूप धन्यवाद सगळ्यांचे. आजोबांच्या मुलाला सांगितलं, तो सेवाग्रामच्या हॉस्पिटलला दाखवून आणतो म्हणाला. काकूंच्या पुढच्या फेरीला मुलासोबत चिठ्ठी देते, डॉक्टरांनी त्यावरच लिहून द्यावं कुठे हात लावायचा कुठे नाही. जाऊबाईंना हा धागा वाचून दाखवला, त्या म्हणे मोबाईलवर काहीही लिहितात, पण संध्याकाळी काकूंच्या डोक्याला तेल त्यांनीच लावलं. एकच राहिलं. बाळंतिणीचे मी पैसे घेते, यांच्याकडून घ्यावे का, केमोपायी वावर गहाण पडलेली माणसं आहेत ही.

सिस्टर नागपूर: घ्या, थोडे का होईना, फुकट असलं की पेशंट दुसऱ्यांदा बोलवायला लाजतो. ज्यांच्याकडे नाहीतच त्यांचं तुम्हाला गावात राहून कळतंच की.