२०१७चा पीसी, विंडोज १०चा सपोर्ट संपला – मशीन विकून टाकू की अजून चालेल? (बाबांची श्रीलिपी + माझं व्हॅलोरंट)

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा देणार. घरी २०१७ला असेंबल करून घेतलेला पीसी आहे, आय५-७४००, एच११० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबीची हार्डडिस्क. आमचं कराडला छोटं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पावतीपुस्तकं असलं काम, दिवसभर त्याच्यावर बाबांची श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि कोरलड्रॉ (डिझाइनचं) चालू असतं आणि रात्री शटर ओढलं की मी व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो.

दिवाळीपासून मशीन फार स्लो झालंय. बाबा सकाळी बटण दाबतात, मग दुकान झाडून, देवाला उदबत्ती लावून येतात तेव्हा कुठे डेस्कटॉप आलेला असतो आणि तरी पुढची दोन-तीन मिनिटं माउस अडकत अडकत चालतो. यूट्यूबवर १०८० ६० एफपीएसचा व्हिडिओपण तुकड्या तुकड्यात दिसतो. विंडोज ११ टाकायला गेलो तर प्रोसेसर सपोर्टेड नाही म्हणतंय. एका दुकानात दाखवला तर त्याने झाकण पण न उघडता सांगितलं की हे सगळं भंगार झालं, सहा हजाराला देऊन टाका आणि नवीन घ्या. नवीन सेट ५५ हजार म्हणाला. माझं बजेट १५ हजार आहे आणि लगीनसराई चालू आहे, मशीन दोन दिवस पण बंद ठेवता येणार नाही. काय करू?

डबलक्लिक_नाशिक
भावा सहा हजाराला अजिबात देऊ नकोस. तू दोन वेगळे प्रॉब्लेम एकात बांधलेस. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला हे खरं, पण त्याने मशीन स्लो होत नाही, फक्त सिक्युरिटी अपडेट थांबतात. स्लो व्हायचं कारण दुसरंच आहे आणि मला दाट संशय हार्डडिस्कचा आहे.

आज रात्री एवढं कर. मशीन चालू झालं की लगेच टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये डिस्क किती टक्के दाखवते ते बघ. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाक, त्यात डिस्कच्या तब्येतीचा रंग निळा आहे की पिवळा ते सांग आणि खालच्या यादीत ०५ आणि सी५ या ओळींचे आकडे इथे टाक.

कोयनाकाठ
केलं दादा. डिस्क १०० टक्के, सहा-सात मिनिटं तशीच चिकटून होती आणि तेव्हा प्रोसेसर जेमतेम १५-२० टक्के. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा आलाय, ‘कॉशन’ लिहिलंय. ०५ ला शून्य आहे पण सी५ ला काहीतरी आकडा आहे, शून्य नाही. हे किती वाईट आहे?

डबलक्लिक_नाशिक
सी५ म्हणजे डिस्कला जे सेक्टर वाचता येत नाहीयेत आणि ज्यांचं पुढे काय करायचं हे अजून ठरलेलं नाही ते. विंडोज तिथे जाऊन पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसतं, म्हणून सगळं अडकतं. तुझा प्रोसेसर म्हातारा झालेला नाही, डिस्क मरायला टेकली आहे. आता गेम, अपग्रेड सगळं बाजूला ठेव, आधी बाबांच्या फायली दुसऱ्या डिस्कवर कॉपी कर. उद्या नाही, आत्ता. क्लोनिंग, म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी दुसरीवर उतरवणं, नंतर. क्लोन करताना सगळी डिस्क वाचली जाते आणि दुखऱ्या डिस्कवर तोच मोठा ताण असतो, त्यामुळे महत्त्वाचं आधी हाताने बाहेर काढायचं.

खिळाछाप
डीटीपीवाल्यांच्या घरातली आहे म्हणून बोलते. नुसत्या कोरलच्या फायली कॉपी करून भागणार नाही हं. श्रीलिपीच्या जुन्या कामातले फॉन्ट युनिकोड नसतात, ते फॉन्ट मशीनवर नसले की तीच पत्रिका उघडल्यावर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. आमच्याकडे एकदा झालंय हे, मुहूर्ताच्या चार दिवस आधी, आणि आईने रात्रभर बसून पूर्ण पत्रिका परत टाइप केली. तेव्हा फॉन्टचं फोल्डर वेगळं कॉपी करा, श्रीलिपीची मूळ सीडी आणि नंबर कुठे आहे ते बाबांना विचारून ठेवा, आणि तुमच्याकडे डोंगलवालं (परवान्याची किल्ली पोर्टला लावायची असते ते) व्हर्जन असेल तर डोंगल डब्यात नीट ठेवा, तो हरवला तर बाकी सगळं असून उपयोग नाही. ज्या पत्रिका छापायला जायच्यात त्यांची अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत) बदलून एक पीडीएफ पण काढून ठेवा.

आणि म्हणूनच माझं मत असं की विंडोज नव्याने टाकायच्या भानगडीत लगीनसराईत पडू नका. आहे ते जसंच्या तसं एसएसडीवर (हार्डडिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) क्लोन करा, म्हणजे बाबांना सकाळी तोच डेस्कटॉप, तेच आयकॉन त्याच जागी दिसतील.

पेंग्विनप्रेमी
मी म्हणेन विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाक. २०१८ला स्टीमवाल्या व्हॉल्व्हने प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणल्यापासून स्टीमवरचे ढीगभर विंडोजचे गेम लिनक्सवर मस्त चालतात, माझ्या याच पिढीच्या मशीनवर रोज खेळतो. विंडोज १०च्या सपोर्टची कटकट पण संपेल.

बॅकपॅनेल
@पेंग्विनप्रेमी, मी पण घरी लिनक्सच वापरतो पण या घरात ते बसत नाही हो. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालतच नाही, ते विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, जाऊन बसतं, आणि श्रीलिपीचं डोंगल तिथे चालवायला वडिलांना सांगणं म्हणजे त्यांचा धंदा बंद पाडणं.

@कोयनाकाठ, विंडोज १०वरच थांब. ईएसयू नावाची सोय आहे, त्यात सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक येते, फक्त तुझं व्हर्जन २२एच२ पाहिजे आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन पाहिजे. सेटिंगचा बॅकअप सिंक केला तर पैसे पण पडत नाहीत.

रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून प्रोसेसरची अट चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण व्हॅलोरंटवाल्यांनी ते जपून करावं. विंडोज ११वर व्हॅनगार्ड टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या सोयी) चालू असायला मागतं, नसेल तर व्हॅन९००१ एरर देऊन गेम उघडतच नाही. विंडोज १०वर तशी सरसकट अट नाही. तुझ्या पिढीच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसमध्ये पीटीटी नावाने टीपीएम असतं, ते चालू करता येतं, पण चालू धंद्याच्या मशीनवर हे प्रयोग आत्ता नकोत.

आता यूट्यूब. व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघड, कोडेकच्या (व्हिडिओ कुठल्या फॉरमॅटमध्ये येतोय त्या) ओळीत एव्ही०१ दिसलं तर कारण सापडलं. एव्ही१ फॉरमॅट उलगडायचं हार्डवेअर तुझ्या ७व्या पिढीच्या इंटेलमध्ये पण नाही आणि १०५० टीआयमध्ये पण नाही, त्यामुळे सगळं ओझं प्रोसेसरच्या चार कोअरवर येतं. व्हीपी९ हा दुसरा फॉरमॅट मात्र दोघांनाही झेपतो. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक अँड परफॉर्मन्समध्ये जाऊन एव्ही१ फक्त एसडीसाठी (कमी रिझोल्यूशनला) ठेव, वरच्या रिझोल्यूशनला व्हीपी९ येईल. एक रुपया खर्च नाही.

डबलक्लिक_नाशिक
आणि खरेदीचं बोलायचं तर ५०० जीबीची साटा एसएसडी घे, एच११०वर बहुतेक एम.२चा (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीचा) स्लॉट नसतोच. साटाला साधारण ५०० एमबी प्रति सेकंदच मिळतात पण तुझ्या हार्डडिस्कपुढे तो स्पीड तुला विमानासारखा वाटेल. रॅमचं मात्र दुखणं आहे, एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी ओढून घेतल्यामुळे २०२५च्या शेवटापासून डीडीआर४चे पण भाव चढलेत. नवीन नको घेऊस, ऑफिसमधून निघालेल्या मशीनमधली ८ जीबी २४००ची स्टिक मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे सेकंडहँड बघ. दुसरी स्टिक लागली की ड्युअल चॅनेल होतं (दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जातात), व्हॅलोरंटमध्ये ते लगेच जाणवेल.

आय५-८४०० टाकू का असं कुणीतरी सुचवेल, ऐकू नकोस. सॉकेटचं नाव ११५१च आहे पण ८वी पिढी एच११०वर चालत नाही, ३०० सिरीजचा बोर्ड लागतो.

रात्रपाळी_पुणे
मी थोडा पुढचा विचार करतो. ऑक्टोबर २०२६नंतर ईएसयू संपणार, आणि १०५० टीआयला एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५पासून नवीन गेमचे ड्रायव्हर बंद केलेत, ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सिक्युरिटीचे येतील. म्हणजे हे मशीन कायमचं नाही हे मनात धरून आत्ता तेच घ्यायचं जे पुढच्या मशीनमध्ये जाईल. एएम४चे (एएमडीच्या रायझन प्रोसेसरचे) बोर्ड डीडीआर४च घेतात, तर पुढच्या दिवाळीला रायझन ५ ५६०० आणि एक साधा बोर्ड घेतला की आत्ताची एसएसडी, दोन्ही रॅम, कार्ड सगळं तिकडे जातं, सहा कोअर बारा थ्रेड मिळतात आणि विंडोज ११ रीतसर बसतं. फक्त त्याच्या आधी एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बघ, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर पहिला तो बदल. कराडला लाईट जाते येते, यूपीएस आहे ना?

आणि हे मशीन तेव्हा पण विकू नकोस. नेटची वायर काढून बाबांच्या श्रीलिपीला ठेव, जुनं डोंगल त्याच्याच पोर्टला राहू दे.

कोयनाकाठ
आठवड्याने लिहितोय, सॉरी, पत्रिकांची गडबड होती. त्याच रात्री फायली आणि फॉन्टचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर काढलं, २०१९च्या एका फोल्डरमधल्या तीन फायली कॉपी झाल्याच नाहीत, बाकी सगळं वाचलं. रविवारी दुकान बंद असताना ५०० जीबी एसएसडीवर क्लोन केलं, वाचता न येणारे सेक्टर सोडून पुढे जायचा पर्याय द्यावा लागला. झाकण उघडलंच होतं तर प्रोसेसरचा फॅन काढला, खालची थर्मल पेस्ट (उष्णता फॅनकडे नेणारी) वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवीन लावली. रॅम साताऱ्याला एकाकडे सेकंडहँड मिळाली. रॅम, एसएसडी, पेस्ट सगळं धरून खर्च बजेटच्या आतच बसला. यूपीएस आहे, एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबरचाच निघाला, तो पुढच्या महिन्यात.

यूट्यूबला एव्ही०१च होतं, सेटिंग बदललं आणि व्हिडिओ सरळ चालतोय. ईएसयूची नोंदणी पण झाली.

सोमवारी सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि नेहमीसारखे केरसुणी घ्यायला वळले, मी म्हटलं थांबा, बघा तरी. लॉगिनची स्क्रीन आली होती. त्यांनी उभ्या उभ्याच श्रीलिपी उघडून एका नावातला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला आणि मग झाडायला गेले.

@खिळाछाप ताई, डोंगल स्टीलच्या डब्यात ठेवलाय. सीडी सापडली पण तिच्यावर ओरखडे आहेत, तिची इमेज (हुबेहूब कॉपीची फाइल) काढायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?