मदत हवी आहे: रोबो घरी बरोबर जातो, शाळेच्या टेबलावर हुकतो

माधवी_सांगली
रविवारी एफएलएलची (फर्स्ट लेगो लीग, मुलांची रोबो स्पर्धा) फेरी आहे आणि आज बुधवार, म्हणून थेट लिहिते. मुलांचा रोबो ८० सेमी सरळ जातो, उजवीकडे वळतो, ३५ सेमी पुढे जाऊन दांडा खाली दाबतो. आमच्या हॉलमध्ये मॅट अंथरून केलं की जमतं. शाळेतल्या टेबलावर तोच रोबो, तोच प्रोग्रॅम, आणि दांडा हुकतो. मुलं रोज आकडे बदलतायत, ८० चे ८१, ८१ चे ७९.५. काल एक मुलगी रडकुंडीला आली. कोडमध्ये नक्की काय चुकतंय?

चकती
कोड कुठाय? किट कोणतं, चाकं कोणती? जायरो (वळण मोजणारा सेन्सर) वापरताय की नुसते चाकाचे फेरे मोजताय?

माधवी_सांगली
एफएलएल म्हटल्यावर लेगोच असणार ना! स्पाइक प्राइम. चाकं किटमधलीच, छोटी. जायरो आहे.

चकती
आहे ते ठाऊक आहे, हबमध्येच (रोबोच्या कंट्रोलरमध्येच) असतो. वापरताय कुठे? सरळ जाताना की फक्त वळताना?

यंत्रवेडा
ताई, ते प्रोग्रॅमचे तयार ब्लॉक सोडा. कॉलेजात रोबोकॉन स्पर्धेला आम्ही मोटरच्या चाकावर विसंबलोच नाही. मोकळं फिरणारं वेगळं चाक लावून त्यावर फेरे मोजणारा एन्कोडर बसवला होता. चालणारं चाक घसरलं तरी अंतर चुकत नाही. आर्डुइनो कंट्रोलर बोर्ड घ्या, चूक मोजून मोटर सावरणारा पीआयडी प्रोग्रॅम लिहा, तीन दिवसांत होतं. २०१४ ची आंतरराष्ट्रीय रोबोकॉन पुण्यात झाली होती, तेव्हा बाहेरचे संघ बघून आमचे डोळे उघडले.

चकती
एफएलएलमध्ये लेगोचाच कंट्रोलर, लेगोच्याच मोटर आणि सेन्सर लागतात. आर्डुइनो लावलेला रोबो टेबलावर ठेवूच देणार नाहीत. मोकळ्या चाकाची कल्पना चांगली आहे, पण ती या मुलांच्या कामाची नाही.

निशिगंध_पुणे
हबमध्ये पायब्रिक्स टाका, म्हणजे लेगोऐवजी दुसरं फर्मवेअर (हब चालवणारं आतलं सॉफ्टवेअर), पायथनवालं. 'यूज जायरो' ही एक ओळ लिहिली की रोबो सरळ जातानाही दिशा सांभाळतो आणि वळण संपत आलं की आपोआप हळू होतो. नियमात बसतं. आमचा संघ दोन वर्षं तेच वापरतोय.

चकती
फेरीला चार दिवस असताना फर्मवेअर बदलायला सांगू नका हो. मुलांना पायथन येतं का, हेही आपण विचारलेलं नाही.

निशिगंध_पुणे
त्यात ब्लॉकही आहेत. आणि लेगोचं मूळ फर्मवेअर दहा मिनिटांत परत टाकता येतं. न वापरताच नाही म्हणू नका.

रेवती_के
माधवीताई, एवढं टेन्शन घेऊ नका. रोबोच्या कामगिरीचे गुण एकूणाच्या २५ टक्केच. कोअर व्हॅल्यूज, इनोव्हेशन प्रोजेक्ट आणि रोबो डिझाइन यांचेही तितकेच. मुलांकडून सादरीकरणाची तालीम करून घ्या.

माधवी_सांगली
सादरीकरण पाठ आहे. दांड्याचं बोला ना कोणीतरी. सरळ जाताना फेरे मोजतो, जायरो फक्त वळताना. यॉ (किती अंश वळला तो कोन) ९० झाला की थांब.

आबा_लेथवाले
मी रोबोवाला नाही, लेथवर आयुष्य गेलं. पण हुकतो तो कायम एकाच बाजूला, की कधी डावीकडे कधी उजवीकडे? एकाच बाजूला असेल तर आकडा चुकला. दोन्ही बाजूंना असेल तर आकड्याला हात लावू नका, काहीतरी ढिलं आहे. मॅटवर मास्किंग टेप चिकटवा, काहीही न बदलता दहा वेळा सोडा, थांबेल तिथे पेन्सिलीने रेघ मारा. सुरुवातीला एकच अंश तिरका असेल तर ८० सेमीवर १.४ सेमी फरक पडतो.

माधवी_सांगली
आबा, तुमचं ऐकून मुलांनी दहा वेळा सोडला. रेघा दोन्ही बाजूंना, टोकाच्या दोघींत जवळजवळ चार सेमी. शिवाय सगळ्याच रेघा थोड्या मागे, निघाल्या बाजूकडे सरकलेल्या.

चकती
थोड्या मागे म्हणजे वळण जास्त होतंय. ९० दिसेपर्यंत वेगात फिरला की थांबेपर्यंत ९३-९४ होतो. ७० पर्यंत वेगात, तिथून पुढे अगदी हळू करा. दोन्ही बाजूंचं कारण वेगळं आहे. सोडताना हबचा जवळून व्हिडिओ घ्या. आणि घरी रोबो कुठे टेकवून ठेवता?

माधवी_सांगली
घरी मॅट भिंतीला लागून असते, रोबोची पाठ भिंतीलाच टेकते. शाळेच्या टेबलाला कडा नाही, नजरेने ठेवतात. हे सांगायला हवं होतं का?

चकती
हेच तर सगळं आहे! स्पर्धेच्या टेबलाला चारी बाजूंनी कठडा असतो. सुताराकडून लाकडी पट्ट्या आणून टेबलाला ठोका.

माधवी_सांगली
व्हिडिओ हळू करून पाहिला. मुलगा अंगठ्याने मधलं बटण दाबतो तेव्हा डावं चाक केसभर मागे सरकतं. अंगठा उचलायच्या आत रोबो निघालेला असतो. आणि यॉ शून्य करायचा ब्लॉक सगळ्यात पहिला आहे.

निशिगंध_पुणे
म्हणजे तिरका उभा आहे तेच त्याला सरळ वाटतं. अशा वेळी पायब्रिक्सही काही करणार नाही, हे मान्य. पहिला ब्लॉक एक सेकंद थांबायचा ठेवा. मग अर्धा सेकंद हळूच मागे जाऊन पाठ कठड्याला टेकू द्या, मग यॉ शून्य, मग निघा.

मनोज_डोंबिवली
मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला कोणतं किट घ्यावं? इथेच विचारतो.

चकती
मनोज, वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

माधवी_सांगली
शुक्रवार, रात्री साडेआठ. पट्ट्या ठोकल्या, एक सेकंद घातला, वळण हळू केलं. दहातले नऊ बरोबर. दहाव्याला रोबोखाली मागे चाकासारखी फिरणारी गोळी असते तिच्यात लांब केस गुंतलेला निघाला. ८० चा आकडा मुलांनी पुन्हा ८० केला.

आबा_लेथवाले
गोळी काढून कोरड्या फडक्याने पुसा, टायर ओल्या. उद्या पुन्हा दहा रेघा मारा आणि ती टेप जपून ठेवा.