टचस्क्रीन की जास्त रिझोल्यूशन? (मराठी मुद्रितशोधनासाठी लॅपटॉप)

मुद्रितमाया
नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरी बसून मुद्रितशोधनाची कामं करते. वर्षभर पुस्तकं, आणि पावसाळ्यात दिवाळी अंकांचा रेटा. आत्ताचा लॅपटॉप १५.६ इंची, १३६६ × ७६८ पिक्सेलचा. त्याने आता मान टाकली आहे.

दुकानात एकाच मॉडेलचे दोन प्रकार दाखवले. दोन्ही १४ इंची, प्रोसेसर तोच, १६ जीबी रॅम, किमतीतही उन्नीस-बीस. पहिला १९२० × १२०० चा, टचस्क्रीनवाला. दुसरा २८८० × १८०० ओएलईडी, पण टच नाही. दुकानदाराचं म्हणणं, "ताई, टचच घ्या, आता सगळे तेच नेतात." मला टचचा मोह एवढ्यासाठीच, की पीडीएफवर लाल पेनाने खुणा करता येतील, पूर्वी कागदी प्रुफांवर करायचे तशा. दुसरीकडे डोळ्यांना चाळिशी लागली आहे. बजेट ७५ हजारांच्या आत. जाणकारांनी सल्ला द्यावा.

बाकीशून्य
मॅक घ्या, विषय संपवा.

पिक्सेलपंत
@बाकीशून्य, मॅकबुकला टच नाही आणि ताईंचं बजेटही विचारात घ्या की जरा.

मायाताई, आधी आकडे बघू. तुमच्या जुन्या स्क्रीनवर इंचाला साधारण १०० पिक्सेल आहेत. टचवाल्यावर १६२, ओएलईडीवर २४३. म्हणजे कुठलाही घेतलात तरी फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. आता बरेच जण इथे चुकतात: रिझोल्यूशन वाढलं की अक्षर बारीक होतं असं समजतात. तसं नाही. २८८० × १८०० वर विंडोजचं स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायची सोय) १५० टक्के ठेवलं की स्क्रीनवर मजकूर मावतो तेवढाच, जेवढा १९२० × १२०० वर १०० टक्क्याला मावतो. अक्षराचा आकारही तोच. फक्त तेच अक्षर काढायला सव्वादोनपट पिक्सेल हाताशी असतात.

पिक्सेल कमी असले तरी इंग्रजीचं फारसं बिघडत नाही. देवनागरीत सगळी गर्दी शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी. 'सर्वांनी' मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात, ११ पॉइंटात जुन्या स्क्रीनवर त्यांचा एकच ठिपका होतो. 'शुद्ध' आणि 'शुध्द' तर विचारूच नका. तुमचं पोटच या ठिपक्यांवर आहे, त्यामुळे माझं मत सरळ ओएलईडीला.

पण एक प्रश्न. टचवाला ३६० अंशांत उलटा वळतो का? आणि पेन सोबत येतं का?

मुद्रितमाया
धन्यवाद पंत. 'शुध्द' वाचून हसूच आलं, रोजचं दुखणं आहे ते. सध्या झूम २०० टक्के करून बघते आणि मग पानाचा अंदाजच जातो.

उलटा वळत नाही, सपाट होतो फक्त. पेन सोबत नाही. दुकानदार म्हणाला कुठलंही चालतं, दोनशे रुपयांत मिळतं.

गणितमास्तर_फोंडा
ताई, तिथेच थांबा! मी शिकवणीला रोज स्क्रीनवर लिहितो म्हणून सांगतो. दोनशे रुपयांचं ते रबरी टोकाचं पेन म्हणजे लॅपटॉपच्या लेखी तुमचं बोटच. लिहायला हात टेकवलात की तळहाताच्याही रेघा उठतात. वर्तुळ काढायचं म्हटलं तर निघेल, पण दोन ओळींच्या मधे काकपद घालून वर शब्द लिहायचा म्हटलात तर तो शेजारच्या ओळीवर जाऊन पडेल.

लिहायला ॲक्टिव्ह पेन लागतं, म्हणजे आत सर्किट असलेलं, आणि ते स्क्रीनने ओळखावं लागतं. नुसतं 'टच' लिहिलंय म्हणजे पेन चालतं असं नव्हे. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत एमपीपी किंवा वाकॉम एईएस असं पेनच्या तंत्राचं नाव लिहिलेलं असेल तरच पुढचं बोलायचं.

त्यात तुमचा उलटा वळणारा नाही. उभ्या स्क्रीनवर लिहायला लागलात की स्क्रीन डुलते आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. सपाट करून टेबलावर ठेवला तर मधे कीबोर्ड, त्याच्यावरून हात लांबवून लिहायचं. रोज अशी पंचवीस-तीस पानं होणार आहेत का?

खुणा करायच्याच असतील तर यूएसबीची पेन टॅबलेट घ्या, वाकॉम किंवा ह्युऑनची लहान, पाचेक हजारांत होते. पाटी टेबलावर, नजर स्क्रीनवर. सुरुवातीला हात अडखळतो, मग बसतो. माझ्याकडे दोन्ही आहे आणि लांबलचक गणितं मी पाटीवरच सोडवतो.

कोकणकडा
टचबद्दल आणखी एक. टचवाल्या स्क्रीन बहुतेक चकचकीत असतात, खिडकीकडे पाठ करून बसलात की मजकुराऐवजी खिडकी दिसते. अर्थात ओएलईडीही चकचकीतच, तेव्हा त्या बाबतीत दोघेही सारखेच.

ओएलईडीची दुसरी बाजू कुणी सांगितली नाही म्हणून सांगतो. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो, म्हणून काळा रंग फुकट पडतो, पांढरा महाग. चित्रपट बघणाऱ्याला मजा आहे, पण तुम्ही दिवसभर पांढरं पान उघडून बसणार, बॅटरी चांगलीच खाईल. भारनियमन असेल तर विचार करा. शिवाय काही पॅनल उजेड कमी केला की झपाझप चालू-बंद होऊन तो कमी करतात. डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. सगळ्यांना होत नाही. माझ्या बायकोला होतं, मला काही नाही.

बाकीशून्य
@कोकणकडा, मग ओएलईडी नको की हवा? एक काय ते सांगा.

कोकणकडा
हवा, पण बघून. घरात प्लग जवळ असेल तर बॅटरीचं एवढं काही नाही.

डीटीपीवाला
उशिरा आलो. मायाताई, तुमच्याकडे मजकूर येतो कशात? युनिकोड वर्ड आणि पीडीएफ असेल तर पंत म्हणतात ते शंभर टक्के खरं. पण एखादा प्रेस अजून पेजमेकर आणि श्रीलिपीत काम धाडत असेल तर ऐका. ही जुनी सॉफ्टवेअरं दाट स्क्रीनसाठी केलेलीच नाहीत. विंडोज त्यांचं चित्र ताणून मोठं करतं, म्हणून नेमकी तिथेच अक्षरं पुसट दिसतात. २४३ पिक्सेलांची स्क्रीन आणि वर धुकं!

मुद्रितमाया
बापरे. एक प्रेस आहे तसा, पेजमेकरवाला. बाकी सगळे पीडीएफ पाठवतात.

डीटीपीवाला
मग घाबरू नका. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, त्यात हाय डीपीआयची सेटिंग्ज. तिथे 'सिस्टिम (एन्हान्स्ड)' निवडून बघा. अक्षरं सुधारली तर ठीक. नाही तर 'ॲप्लिकेशन' निवडा, मजकूर लख्ख होईल, पण मेनू आणि टूलबॉक्स मुंगीएवढे होतील. तेही नको असेल तर त्या प्रेसला सांगा, पीडीएफच पाठव बाबा. मी तेच करतो.

मुद्रितमाया
मास्तर, पंचवीस नाही, दिवाळी अंकांच्या दिवसांत चाळीस पानंही होतात, त्यामुळे खांद्याचं पटलं. ओएलईडी आणि पेनची पाटी, असं मनात धरलंय. शनिवारी पुन्हा दुकानात जाऊन बघून येते.

पिक्सेलपंत
जाताना स्वतःचंच एखादं प्रूफ पेन ड्राइव्हवर न्या, दुकानातला समुद्रकिनाऱ्याचा व्हिडिओ बघून काही कळत नाही. पीडीएफ १०० टक्के झूमला ठेवा आणि नेहमीच्या अंतरावर बसून रफार-अनुस्वार शोधा. मग उजेड ३० टक्क्यांवर आणून पंधरा मिनिटं वाचत राहा. डोकं जड वाटलं तर दोन्ही सोडा आणि साधा मॅट आयपीएस मागवा, म्हणजे न चकाकणारा एलसीडी, १४ इंचीच, २५६० × १६०० चा. त्यात इंचाला २१६ पिक्सेल मिळतात, तुम्हाला तेवढे पुष्कळ झाले.