पाळणाघरात लेकीला तिसऱ्यांदा चावा, आणि नाव सांगत नाहीत

ओवीची_आई:
लेक १९ महिन्यांची. परवा संध्याकाळी आणायला गेले तर डाव्या दंडावर वरच्या-खालच्या दातांची अख्खी कमान उमटलेली, मधे काळंनिळं. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. मावशी म्हणतात, "मुलं चावतातच." कोण चावलं ते सांगत नाहीत. माझं म्हणणं, नाव सांगायलाच हवं आणि तीनदा चावणाऱ्या मुलाला काढायला हवं.

रानजाई:
शंभर टक्के सहमत. २०१६ साली खारघरच्या पाळणाघरात बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, तेव्हापासून "होतंच असं" यावर माझा विश्वास नाही. फुटेज मागा.

सुनंदाकाकू:
मारहाण मोठ्या माणसाने केली होती. इथे दीड-दोन वर्षांचं पोर आहे, त्याची तुलना नको. मी डोंबिवलीत १४ वर्षं पाळणाघर चालवलं. नाव कधी सांगितलं नाही. एकदा मदतनीस मुलीकडून फुटलं, तर दोन्ही आया जिन्यातच भांडल्या आणि पोराला 'चावरा' नाव पडलं ते शाळेत जाईपर्यंत. "माझं आहे, दे" म्हणता येत नाही म्हणून ही मुलं दात लावतात. माझ्याकडे एकाचं रोज जेवणाआधी व्हायचं, एका लाल बादलीवरून. तशीच दुसरी बादली आणली, त्या वेळी त्याला माझ्या हाताशी बसवलं. थांबलं.

ओवीची_आई:
काकू, तुम्ही हाताशी बसवलंत. इथे कोण बसवतंय? १४ मुलांमागे दोन मावशी, त्यातली एक ओट्यापाशी.

अर्णवचा_बाबा:
मी चावणाऱ्या मुलाचा बाप. आम्हाला चार दिवसांत दुसरीकडे बघा म्हणाले. नव्या जागी पहिल्याच आठवड्यात तो पुन्हा चावला. कुणीतरी सांगितलं म्हणून घरी आम्ही त्याला उलट चावून दाखवलं, तर जास्तच चावायला लागला. त्याचं अजून वाईट वाटतं. काढल्याने फक्त पाळणाघर बदलतं हो.

रानजाई:
दादा, तुमचं दुःख कळतं. पण दंड ओवीचा आहे.

मीनल_प:
आधी सांगा, कातडी फुटली का? फुटली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, हळद किंवा कॉफी दाबायची नाही, आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. माणसाच्या चाव्यात पू लवकर होतो. जाताना लसीकरणाचं कार्ड न्या. हिपॅटायटिस बीचे डोस झालेत का बघा. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा) बूस्टर १६ ते २४ महिन्यांमधला, म्हणजे तुमच्या लेकीचं वय तेच.

ओवीची_आई:
फुटली नव्हती, नुसतं रक्त साकळलंय. बूस्टर मात्र राहिलाय, उद्याच जाते. काकू, नाव मागणं सोडते. पण प्रत्येक वेळी किती वाजता, कशावरून आणि मावशी किती लांब होत्या, हे लिहून घेणार. बाकीच्या आयांशीही बोलते. महिन्याभरात तिसरी मावशी आली नाही, तर ओवीलाच काढते.

रानजाई:
मी महिना थांबले नसते.